कसेल त्याचे नाव

(यवतमाळ जिल्ह्यातील पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात इंटरनेटवरील नावांच्या गुंतवणुकीची चर्चा व्हावी, हे काहींना विपरीत वाटेल. कापसाचा भाव, पीकविम्याची भरपाई, वनहक्काचे पडून राहिलेले दावे आणि कामाच्या शोधात पुण्या-मुंबईकडे जाणारा तरुण हे ज्या जिल्ह्याचे प्रश्न, त्या जिल्ह्याने संकेतस्थळांच्या पत्त्यांची चिंता का वाहावी, असे कोणी विचारल्यास ते रास्तच ठरेल. त्याचे उत्तर एवढेच की, गेल्या चाळीस वर्षांत संपत्तीचा एक नवा प्रकार जन्माला आला आहे. त्याची वाटणी अजून चालू आहे आणि वाटणीच्या वेळी जे हजर नसतात त्यांना पुढे पिढ्यानुपिढ्या भाडे भरावे लागते. वऱ्हाडाला हा अनुभव नवा नाही.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला आणि १९०२ साली लॉर्ड कर्झनने तो वार्षिक २५ लाख रुपयांच्या बदल्यात कायमच्या पट्ट्याने घेतला. ज्याच्या जमिनीवर हा पट्टा चढला तो शेतकरी या व्यवहारात पक्षकारच नव्हता. त्यानंतरच्या काळात येथील कापूस मुंबई बंदरात आणि तेथून मँचेस्टरच्या गिरण्यांत पोहोचावा म्हणून यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची रेल्वे झाली. लोकांनी तिला पुढे 'शकुंतला' हे लाडके नाव दिले, परंतु तिची मालकी किलिक निक्सन कंपनीने उभ्या केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीकडे होती. १९५१ साली रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा ही लाईन त्यातून सुटली. गाडी भारतीय रेल्वेने चालवायची आणि मोबदला कंपनीला द्यायचा, असा प्रकार स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके चालू राहिला. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ही गाडी ओढत होते. जमीन येथली, कापूस येथला, हमाल येथले, प्रवासी येथले. मालकी मात्र दुसरीकडे. एखादे साधन गावातून जाते एवढ्याने ते गावाचे होत नाही, हा धडा यवतमाळकरांना पुस्तकातून शिकावा लागत नाही.

इंटरनेटवरील नावांचा प्रश्न या धड्याच्या उजेडात पाहिला पाहिजे.

मालकी की भाडेपट्टा?

संगणक एकमेकांना आकड्यांच्या पत्त्यांनी ओळखतात. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून १९८० च्या दशकात त्या आकड्यांना नावे जोडण्याची पद्धत सुरू झाली. नावाच्या शेवटी येणाऱ्या टिंबानंतरचा भाग हा त्या नावाचा महसुली मुलूख समजावा. 'डॉट कॉम' हा मुलूख एका खाजगी अमेरिकन कंपनीच्या व्यवस्थेखाली आहे. प्रत्येक देशाला मात्र दोन अक्षरांचा स्वतःचा मुलूख मिळालेला आहे, आणि भारताचा मुलूख म्हणजे 'डॉट इन'. या मुलखातले एखादे नाव घेणे म्हणजे नोंदवहीत स्वतःच्या नावापुढे ते लिहून घेणे होय. नोंद एका वर्षापासून दहा वर्षांपर्यंत करता येते आणि मुदत संपली की पुन्हा पैसे भरून वाढवावी लागते. मुदत चुकली तर काही आठवड्यांच्या सवलतीनंतर ते नाव पुन्हा बाजारात मोकळे होते. मग पहिला येईल तो ते घेतो.

म्हणजे नाव 'विकत घेतले' असे बोलण्याची रीत असली तरी वस्तुतः तो भाडेपट्टा असतो. या पद्धतीच्या शिल्पकारांपैकी एक, जॉन पोस्टेल यांनी १९९४ साली देशसंकेतांच्या व्यवस्थेविषयी जे टिपण लिहिले त्यात याहूनही पुढचा विचार आहे. या मुलखांच्या बाबतीत हक्क आणि मालकी यांची भाषा गैरलागू आहे; बोलायचे तर जबाबदारीविषयी आणि समाजाच्या सेवेविषयी बोलावे, असा त्या विवेचनाचा आशय आहे. देशाचा नाममुलूख ही विश्वस्तभावाने सांभाळायची सार्वजनिक ठेव आहे, हे तत्त्व म्हणजे समाजवाद्यांनी बाहेरून आणून चिकटवलेली कल्पना नव्हे. ते या व्यवस्थेच्या पायाभरणीतच आहे. ते विसरले गेले, एवढेच.

दोन प्रकारची गुंतवणूक

या मुलखात पैसा गुंतवणारे दोन प्रकारचे लोक आढळतात. पहिला प्रकार नावांचा साठा करणाऱ्यांचा. 'तूर', 'संत्रा', 'सागवान' असे सर्वांच्या गरजेचे शब्द किंवा गावांची व देवस्थानांची नावे एकगठ्ठा घ्यायची, वर्षानुवर्षे ओसाड ठेवायची, आणि ज्याला खरी गरज आहे तो दारात आला की शेकडो रुपयांची वस्तू लाखाला सांगायची. अर्थशास्त्रात रिकार्डोपासून ज्याला खंड म्हणतात त्याचे इतके निर्भेळ उदाहरण क्वचितच सापडेल. साठेबाज येथे काही पिकवत नाही. नावाची किंमत वाढते ती समाजाच्या हालचालीने. शहर वाढते, धंदा वाढतो, इंटरनेट वापरणारे वाढतात, आणि ती वाढ नोंदवहीत ज्याचे नाव आधी लागले त्याच्या खिशात जाते. ही अनर्जित वाढ होय. शहराच्या वेशीवरची शेते पडीक ठेवून बिनशेती परवान्याची वाट पाहणाऱ्याची कमाई आणि ही कमाई यांची जात एकच.

दुसरा प्रकार लहान संकेतस्थळे उभी करणाऱ्यांचा आहे. हा गुंतवणूकदार पाच-दहा नावे घेतो, प्रत्येकावर एखाद्या मर्यादित विषयाचे लहानसे स्थळ बांधतो, त्यात दर महिन्याला भर घालतो आणि दहा-पंधरा वर्षे थांबण्याची तयारी ठेवतो. जाहिरातींतून, विक्रीच्या दलालीतून किंवा वर्गणीतून त्याला हळूहळू उत्पन्न होते. देशसंकेताचे नाव तो मुद्दाम निवडतो. एक तर 'डॉट कॉम'मधली बहुतेक चांगली नावे केव्हाच गेली आहेत. शिवाय देशातल्या वाचकाला आपल्या मुलखाचे नाव जवळचे वाटते. साठेबाजापेक्षा हा मनुष्य निश्चितच आदरास पात्र आहे, कारण तो आपल्या वाट्याचे रान कसतो.

तथापि त्याच्या हिशेबातही एक मोठी फट आहे. त्याचा वाचक बहुधा एकाच परदेशी कंपनीच्या शोधयंत्रातून येतो आणि त्याची जाहिरातही बहुधा तीच कंपनी पुरवते. म्हणजे गिऱ्हाईक आणणारा आणि माल उचलणारा एकच व्यापारी. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही या शोधयंत्राच्या पानावर यंत्राने रचलेला सारांश वरच दिसू लागला. वाचकाची जिज्ञासा तिथेच भागली तर ज्याच्या लेखनातून तो सारांश निघाला त्याच्या दारापर्यंत कोणी येत नाही. इकडचे तिकडचे गोळा करून मांडणाऱ्या स्थळांचा पाया यामुळे खचतो. टिकण्याची शक्यता अशा स्थळांची, ज्यांच्यापाशी दुसरीकडे न मिळणारी माहिती आहे आणि ज्यांचा वाचक नाव लक्षात ठेवून थेट येतो. हा वाचक म्हणजे कोणता तरी प्रत्यक्ष समाज असतो: एका पिकाचे उत्पादक, एका सोसायटीचे सभासद, एका तालुक्याचे रहिवासी. दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीचा विचार शेवटी व्यक्तीकडून समूहाकडे येतो तो असा, आणि तो भावनेने नव्हे तर हिशेबाने येतो.

लहान राष्ट्रांचे अनुभव

नाममुलूख म्हणजे केवढी संपत्ती, हे काही चिमुकल्या देशांच्या उदाहरणांवरून कळते. पॅसिफिक महासागरातील तुवालू या सुमारे अकरा हजार वस्तीच्या राष्ट्राच्या वाट्याला 'टीव्ही' ही दोन अक्षरे आली. ती वापरण्याचा परवाना एका अमेरिकन कंपनीला बारा वर्षांत पाच कोटी डॉलर घेऊन देण्याचा करार झाला आणि त्या पैशांच्या आधारे तुवालूने सप्टेंबर २००० मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचे सभासदत्व घेतले. कॅरिबियन समुद्रातील अँग्विला या बेटाला 'एआय' ही अक्षरे मिळाली. कृत्रिम बुद्धिमत्तेचा गाजावाजा सुरू झाल्यावर २०२३ साली या नावांच्या नोंदणीतून त्या बेटाच्या सरकारला सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर मिळाले. सरकारच्या एकूण महसुलाचा हा पाचव्या हिश्शाहून अधिक भाग होता. अक्षरांचा योगायोग बेटाच्या पदरी पडला, परंतु नोंदणीचा हक्क सरकारने स्वतःकडे ठेवला होता म्हणून लाभ लोकांच्या तिजोरीत आला.

याच्या उलट उदाहरणे आहेत. नियुए या बेटाचे 'एनयू' हे संकेतनाम १९९७ पासून बाहेरच्या व्यक्तींच्या संस्थेकडे गेले. स्वीडिश भाषेत त्या अक्षरांचा अर्थ 'आता' असा होत असल्याने स्वीडनमध्ये ती नावे खपली, पुढे व्यवस्थाही स्वीडिश प्रतिष्ठानाकडे गेली, आणि नियुएच्या सरकारला आपल्याच नावासाठी स्वीडनच्या न्यायालयाची पायरी चढावी लागली. चागोस बेटांची कथा तर अधिक विदारक आहे. दिएगो गार्सिया येथे लष्करी तळ उभारण्यासाठी १९६८ ते १९७३ या काळात ब्रिटिशांनी तेथील रहिवाशांना हुसकून लावले. त्या ओसाड केलेल्या प्रदेशाच्या नावाची 'आयओ' ही अक्षरे मात्र जगभरच्या संगणक कंपन्यांच्या पसंतीस उतरली. माणसे हद्दपार, त्यांच्या मुलखाचे नाव बाजारात! मे २०२५ मध्ये या बेटांचे सार्वभौमत्व मॉरिशसकडे सोपवण्याच्या करारावर ब्रिटनने सही केली, तेव्हा त्या नावांचे पुढे काय, याची चिंता धंदेवाल्यांनी जाहीरपणे केली. बेटांवरून उठवलेल्या कुटुंबांच्या वाट्याला अशी तत्पर चिंता कधी आली नव्हती.

सार्वजनिक संस्थांनाही या बाजाराची झळ बसते. जगभरच्या सेवाभावी संस्था ज्या 'डॉट ऑर्ग' मुलखात राहतात त्याची व्यवस्था २०१९ साली एथॉस कॅपिटल या खाजगी गुंतवणूक कंपनीला सुमारे ११३ कोटी डॉलरला विकण्याचा घाट घातला गेला. त्याआधीच भाडेवाढीवरची मर्यादा उठवण्यात आली होती. संस्थांनी जगभर आवाज उठवला आणि एप्रिल २०२० मध्ये तो व्यवहार नामंजूर झाला. भाडेकरू संघटित झाले तर घरमालकाला थांबवता येते, हे या प्रकरणात दिसले. परंतु प्रत्येक वेळी असेच घडेल, अशी हमी कोणी देऊ शकत नाही.

डॉट इन आणि डॉट भारत

भारताचा 'डॉट इन' मुलूख १९८९ साली नोंदवला गेला. २००४ पर्यंत नियम इतके आवळलेले होते की, देशभरात जेमतेम सात हजार नावे नोंदली गेली. नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे 'निक्सी', ही नफा न वाटणारी कंपनी २००३ साली स्थापन झाली आणि तिच्या हाती व्यवस्था येऊन २००५ साली मुलूख सर्वांना खुला झाला. आज नोंदींची संख्या चाळीस लाखांच्या घरात आहे. नोंदवही भारतीय सार्वजनिक संस्थेची असली तरी तिची तांत्रिक व्यवस्था २००५ पासून कंत्राटाने परदेशी कंपन्यांकडे राहिली आहे, ही गोष्टही कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावी.

या मुलखाला सार्वजनिक हितासाठी कुंपण घालता येते, याचा पुरावा नुकताच मिळाला. बँकांची खोटी स्थळे उभारून लोकांना लुबाडण्याचे प्रकार वाढल्यामुळे रिझर्व्ह बँकेने २०२५ साली सर्व बँकांना, सहकारी बँकांसुद्धा, 'बँक डॉट इन' या राखीव भागात ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत येण्याचा आदेश दिला. त्या भागातली नावे बँकांखेरीज इतरांना मिळत नाहीत. बाजारावर सोडले असते तर हे झाले नसते. जे बँकांच्या ठेवीदारांसाठी शक्य झाले ते ग्रामसभा आणि उत्पादकांच्या सहकारी संस्थांसाठी अशक्य का मानावे?

दुसरा मुलूख 'डॉट भारत' हा आहे. २७ ऑगस्ट २०१४ रोजी तो प्रथम देवनागरीत खुला झाला आणि पुढे इतर भारतीय लिप्यांतही आला. यवतमाळसारख्या जिल्ह्याला याचे महत्त्व विशेष आहे. 'यवतमाळ' हे नाव देवनागरीत एकाच प्रकारे लिहिले जाते. रोमन लिपीत इंग्रजी अमलात त्याचे स्पेलिंग वेगळे होते आणि आज वेगळे आहे. दारव्हा, पांढरकवडा, उमरखेड या नावांची रोमन रूपे शोधू गेल्यास सरकारी कागदात एक, रेल्वेच्या पाटीवर दुसरे आणि दुकानाच्या फलकावर तिसरे, अशी अवस्था. इंग्रजी स्पेलिंगच्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्याशिवाय स्वतःच्या गावाचे स्थळ सापडू नये, हा भाषिक अन्याय आहे. 'ळ' हे अक्षर पत्त्यात चालते, ही गोष्ट लहान वाटली तरी मराठी माणसाला तिचे मोल कळेल. अडचणीही आहेत. पडद्याआड या नावाचे रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात रूपांतर होते, आणि अनेक कार्यालयांचे अर्ज अजूनही देवनागरी पत्ता स्वीकारत नाहीत. म्हणून सध्या संस्थांनी दोन्ही मुलखांत एकेक नाव घ्यावे आणि दोन्ही नावांनी एकाच स्थळाकडे येता येईल अशी व्यवस्था करावी, हा व्यवहार्य मार्ग आहे.

यवतमाळात काय करता येईल?

पहिले क्षेत्र कापसाचे. १९७२ पासून राज्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना राबवली तिच्यामागे उत्पादक आणि गिरणी यांच्यामधली दलालांची साखळी तोडण्याचा विचार होता. ती योजना इतिहासजमा झाली, पण साखळी आहेच. आज भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने खरेदी करते तेव्हा आठ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, बारा टक्क्यांपर्यंत प्रमाणात कपात आणि त्यापुढे माल परत, असा नियम असतो. २०२५ च्या हंगामात विक्रीसाठी 'कपास किसान' या मोबाईल ॲपवर नोंदणी आवश्यक करण्यात आली. राळेगाव किंवा घाटंजी तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला ही नोंदणी कशी करावी, कागद कोणते लागतात, ओलावा कसा मोजतात, कपात चुकीची वाटली तर दाद कोठे मागावी, हे मराठीत, एका ठिकाणी आणि हंगामाबरोबर अद्ययावत मिळाले पाहिजे. असे एक लहान स्थळ दहा वर्षे निष्ठेने चालवले तर त्याच्या नावाला जो विश्वास मिळेल तो कोणत्याही जाहिरातीने मिळत नाही. त्या नावाची खरी किंमत म्हणजे हा विश्वास.

दुसरे क्षेत्र विक्रीचे. उमरखेड-महागाव भागातील हळद आणि जिल्ह्यातील तूर आज परक्या नावाच्या पिशवीत जाते. उत्पादकांच्या कंपन्यांनी व सोसायट्यांनी आपले नाव घेऊन त्यावर माल, दर्जा आणि दर उघड मांडावेत. खरेदीदार मोठ्या विक्रेत्या कंपनीच्या दुकानातून पहिल्यांदा आला तरी दुसऱ्यांदा थेट यावा, हे उद्दिष्ट ठेवावे. तिसरे क्षेत्र ग्रामसभांचे. झरी-जामणी, केळापूर, मारेगाव येथील कोलाम व गोंड वस्त्यांना २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मागण्याचा अधिकार दिला आहे. हक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता व बांबू यांच्या विक्रीची सूचना स्वतःच्या स्थळावर प्रसिद्ध करणारी ग्रामसभा ठेकेदाराच्या गोटात काय शिजते याची वाट पाहत बसणार नाही. चौथे क्षेत्र स्मृतीचे. १९०५ पर्यंत या जिल्ह्याचे नाव 'वणी जिल्हा' होते. वणीचेच सुपुत्र लोकनायक बापूजी अणे यांनी १९३० साली पुसदला जंगल सत्याग्रह केला. अशा घटनांची कागदपत्रे आणि वृद्धांच्या आठवणी तालुक्याच्या वाचनालयांनी जतन करून स्थळावर ठेवल्या तर पुढच्या पिढीला आपला इतिहास दुसऱ्याकडून उसना घ्यावा लागणार नाही.

खर्चाचा अंदाज बांधणे कठीण नाही. एका नावाचे वार्षिक शुल्क साधारणतः हजार रुपयांच्या आतबाहेर असते. स्थळ ठेवण्याच्या जागेचे भाडे धरून वर्षाला पाच हजार रुपये लागले असे मानले, तर दहा वर्षांचे पन्नास हजार होतात. पाचशे सभासदांच्या सोसायटीला हे माणशी वर्षाला दहा रुपये पडतात. खरा खर्च श्रमाचा आहे. आठवड्यातून चार तास बसून लिहिणारा, तपासणारा, चुकीचे काढून टाकणारा एक माणूस पाहिजे आणि त्याला मानधन दिले पाहिजे. फुकट श्रमावर उभे केलेले काम दोन वर्षांत बंद पडते, हे चळवळीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. नाव संस्थेच्या नावावरच नोंदवावे. स्थळ बनवून देणाऱ्या मुलाच्या, अध्यक्षांच्या पुतण्याच्या किंवा शहरातल्या एजंटाच्या नावावर कदापि नको. संस्थेचा ठराव करावा. नूतनीकरणाची तारीख आणि रक्कम वार्षिक अंदाजपत्रकात घालावी आणि शक्य तर एकदम अनेक वर्षांचे शुल्क भरावे. पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा, आणि सचिव बदलला की किल्ल्यांबरोबर तोही हस्तांतरित व्हावा. स्थळावरील सर्व मजकुराची एक प्रत संस्थेच्या कपाटात असावी. ही सारी सामान्य कारकुनी आहे, पण तिच्या अभावी नाव हातचे जाते आणि दहा वर्षांचा विश्वास दुसऱ्याच्या दुकानाची पाटी बनतो.

काही आक्षेप

सगळे लोक व्हॉट्सॲपवर आणि फेसबुकवर आहेत, मग स्वतंत्र स्थळ कशाला, असा पहिला आक्षेप येईल. लोक जेथे आहेत तेथे जावेच. बाजाराच्या दिवशी कार्यकर्ता बाजारात सभा घेतो, परंतु म्हणून पक्षाचे कार्यालय कोणी बाजारातल्या परक्या ओट्यावर थाटत नाही. त्या कंपन्यांच्या जागेत नियम त्यांचे, कोणाला काय दाखवायचे हा निर्णय त्यांचा, आणि खाते बंद झाले तर दाद मागायची कोणाकडे हेही कळत नाही. संदेश तेथे पाठवावा, मूळ कागद आपल्या घरी ठेवावा.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. नावांत गुंतवणूक करण्याचा उपदेश म्हणजे समाजवाद्यांनीही सट्ट्यात उतरणे नव्हे काय? या शंकेचा विचार आदराने केला पाहिजे. विदर्भात १९५८ चा कूळकायदा आला तेव्हा त्यामागचे तत्त्व 'कसेल त्याची जमीन' हे होते. जमीन कोणीच घेऊ नये असे ते तत्त्व सांगत नव्हते; जमिनीवरचा हक्क तिच्यावर राबण्याने सिद्ध व्हावा, असे सांगत होते. येथेही कसोटी तीच लावावी. एका संस्थेने एक-दोन नावे घ्यावीत, ती कसावीत, आणि त्यांचा लाभ सभासदांत राहावा. नाव विकून नफा कमावण्याचा मोह ज्या संस्थेला होईल तिने तो ठराव सर्वसाधारण सभेपुढे उघड मांडावा. बहुधा तेथेच त्याचा निकाल लागेल.

तिसरा आक्षेप असा की, कर्जाच्या ओझ्याखाली जगणाऱ्या शेतकऱ्याला याने काय मिळणार? एका स्थळाने आत्महत्या थांबतील असे कोणी शहाणा म्हणणार नाही. सिंचन, कर्ज, भाव आणि विमा यांचे लढे रस्त्यावर आणि विधिमंडळात लढावेच लागतील. परंतु त्या प्रत्येक लढ्यात माहिती वेळेवर असणे हे हत्यार आहे, आणि ते हत्यार कोणाच्या घरात ठेवलेले आहे याला महत्त्व आहे.

पक्षाच्या मागण्या

संस्थांचे प्रयत्न सुरू असतानाच पक्षाने या प्रश्नावर सार्वजनिक धोरणाची मागणी केली पाहिजे. जिल्हा, तालुका आणि गाव यांची देवनागरीतील जी नावे अद्याप मोकळी असतील ती तेथील लोकनिर्वाचित संस्थांसाठी राखून ठेवावीत. नोंदणीकृत सहकारी संस्था, उत्पादक कंपन्या, ग्रामसभा व सार्वजनिक वाचनालये यांना नाममात्र शुल्क असावे. शेकडो नावे ओसाड ठेवणाऱ्यांवर नावांच्या संख्येप्रमाणे चढते शुल्क बसवावे. पडीक जमिनीवर कर बसवण्यामागचा युक्तिवाद येथेही तंतोतंत लागू पडतो. नोंदवहीची तांत्रिक व्यवस्था देशातील सार्वजनिक संस्थेकडे आणण्याचा कालबद्ध कार्यक्रम निक्सीने जाहीर करावा. आणि सरकारी कार्यालयांच्या प्रत्येक अर्जाने देवनागरी पत्ता स्वीकारलाच पाहिजे, असा नियम राज्य सरकारने करावा.

यांपैकी कोणतीही मागणी क्रांतिकारक नाही. सार्वजनिक ठेवीचा कारभार विश्वस्तवृत्तीने व्हावा, एवढाच त्यांचा अर्थ आहे.

शकुंतला गाडीच्या रुळांत हिस्सा घेण्याची संधी वऱ्हाडच्या कास्तकाराला कधी मिळाली नव्हती. भांडवल साहेबाचे, निर्णय साहेबाचा. या वेळी प्रवेशाचे शुल्क सामान्य सोसायटीच्या आवाक्यात आहे, नोंदवही देशाची आहे आणि लिपी आपली आहे. जिल्ह्यातील प्रत्येक तालुक्यात निदान एका संस्थेने येत्या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात नावासाठी तरतूद करावी आणि त्या नावावर काम करणारा माणूस ठरवावा. तालुका समित्यांनी हा विषय पुढील बैठकीच्या कामकाजपत्रिकेवर घ्यावा, ही अपेक्षा आहे.